पाळीच्या आधीचे दहा दिवस, एक गाठ आणि माझी वही

मला छातीत गाठ होती आणि माझी छाती दर महिन्याला दुखायची पण, आणि ह्या दोन गोष्टी म्हणजे एकच आजार असं मी कितीतरी महिने धरून चालले होते. गाठ विरघळली की दुखणं थांबेल, दुखणं थांबलं म्हणजे गाठ गेली, एवढं सरळ गणित डोक्यात. ते चुकीचं आहे हे कळायला सोनोग्राफी, बायोप्सी, दोन वैद्य आणि एक शंभर पानी वही लागली. मी शोधत होते तेव्हा एकतर "आयुर्वेदाने गाठ पूर्ण गायब" असं वाचायला मिळायचं नाहीतर "आयुर्वेद म्हणजे नुसता वेळ घालवणं" असं, आणि माझ्याबाबतीत ह्यातलं एकही झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

वय 36. दुखणं साधारण दोन वर्षांपासूनचं. पाळी यायच्या नऊ-दहा दिवस आधी दोन्ही बाजू जड व्हायच्या, भरून यायच्या, मग वरच्या बाहेरच्या भागात ठणका सुरू व्हायचा आणि तो काखेपर्यंत जायचा, कधी दंडात पण. जिना उतरताना हाताने धरून उतरायचे. मुलगी धावत येऊन बिलगली की डोळ्यात पाणी यायचं आणि तिला वाटायचं आई रागावली. पोटावर झोपणं तर विसरूनच गेले होते. आणि पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सगळं शांत, जसं काही झालंच नव्हतं. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं दरवेळी पुढे ढकललं जायचं, दुखत असताना वाटायचं आता जायचंच, आणि पाळी आली की कशाला.

एकदा गेले होते खरं तर. तीन महिने इव्हनिंग प्रिमरोज ऑइलच्या कॅप्सूल घेतल्या, फरक शून्य. नंतर कळलं की ज्या अभ्यासांत ह्या कॅप्सूलची खोट्या कॅप्सूलशी नीट तुलना केली त्यांच्यात दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच निघालाय. पण तेव्हा मला ते माहिती नव्हतं, मला वाटलं माझ्याच शरीराला काही लागू पडत नाही.

मग एक दिवस अंघोळ करताना उजव्या बाजूला गाठ लागली. द्राक्षाएवढी, गुळगुळीत, बोटाखालून निसटणारी. त्या रात्री मी झोपले नाही. नवऱ्याला सांगितलं तो म्हणाला उद्याच जाऊ डॉक्टरकडे, आणि मी नको म्हणाले. भीती एवढी होती की निदान ऐकायचंच नव्हतं, कोणीतरी औषध देऊन ती घालवून टाकावी एवढंच हवं होतं. अशा मनाने मी पहिल्या वैद्यांकडे गेले.

त्यांनी नाडी बघितली, दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि म्हणाले कफाची गाठ आहे, तीन महिन्यात विरघळवून देतो, सोनोग्राफी वगैरेच्या नादी लागू नका. गाठ तपासली नाही. आधीचे आजार, घरात कोणाला काय झालंय, काहीच विचारलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी रडले तिथे. कागदाच्या पुड्या दिल्या, कुठल्याही पुडीवर नाव नाही, आणि लेपाचं एक चूर्ण दिलं जे गरम पाण्यात कालवून रात्रभर लावून वर कापड बांधायचं. मी अडीच महिने हे केलं. लेप रोज रात्री वाळून कडक व्हायचा, सकाळी ओरबाडून काढावा लागायचा, त्वचा लाल व्हायची, मी म्हणायचे औषध काम करतंय. शेवटी एका रात्री एवढी आग झाली की उठून धुतलं तर खाली फोड आलेले.

गाठ तिथेच होती. आणि माझे अडीच महिने गेले होते. ती गाठ वेगळी निघाली असती तर ह्या अडीच महिन्यांची किंमत काय झाली असती ह्याचा विचार अजूनही मनात येतो आणि पोटात गोळा येतो.

फोड दाखवायला गेले त्या डॉक्टर बाईंनी गाठ हाताला लागल्याबरोबर मला ब्रेस्ट सर्जनकडे पाठवलं, अक्षरशः त्याच आठवड्यात. सर्जन सरांनी बसवून, झोपवून, दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा तपासल्या. निप्पलमधून काही येतं का, रक्त येतं का, त्वचा कुठे आत ओढली गेलीय का, निप्पल आत वळलंय का, आई-मावशी-बहिणीत कोणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर आहे का, सगळं विचारलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की गाठीचं निदान तीन पायांवर उभं असतं, एक हाताने तपासणं, दुसरं सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, तिसरं सुईने घेतलेला तुकडा, आणि तिन्हींचं उत्तर एकमेकांशी जुळायला हवं. मी चाळिशीच्या आतली आणि तपासणीत संशय घ्यावा असं काही नाही म्हणून त्यांनी आधी सोनोग्राफीच करायला सांगितली, कारण कमी वयात स्तनातला ग्रंथींचा भाग दाट असतो आणि मॅमोग्राफीत गाठ त्यात लपू शकते.

रिपोर्टमध्ये आलं की उजव्या बाजूला 10 वाजताच्या दिशेला (घड्याळाच्या काट्यासारखी जागा लिहितात) 18 गुणिले 11 मिलिमीटरची लंबगोल गाठ, कडा स्वच्छ, आडवी जास्त उभी कमी. आणि दोन्हीकडे पाण्याच्या बारीक बारीक पुटकुळ्या, म्हणजे सिस्ट, सगळ्यात मोठी 6 मिलिमीटर. शेवटी लिहिलेलं बायरॅड्स 3. मी आकडा बघून गारठले, मला वाटलं ही कॅन्सरची तिसरी स्टेज आहे. तसं अजिबात नसतं. बायरॅड्स म्हणजे फोटो बघून दिलेला संशयाचा आकडा, 3 म्हणजे बहुतेक साधीच गाठ, कॅन्सर असायची शक्यता 2 टक्के किंवा त्याहून कमी, आणि अशा गाठी बऱ्याचदा सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करून नुसत्या बघतात. माझ्या वयात नव्याने हाताला लागलेली म्हणून सरांनी बायोप्सी करून घेऊ म्हणाले.

कोअर बायोप्सीची मला जेवढी भीती होती तेवढं काही नव्हतं. भुलीचं इंजेक्शन चुरचुरलं, मग सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली, दरवेळी टक्क असा मोठा आवाज येतो तो आधी ऐकवून ठेवतात म्हणजे आपण दचकत नाही. चार तुकडे घेतले, बर्फ लावला, आठवडाभर काळंनिळं होतं. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला, फायब्रोअ‍ॅडेनोमा. साधी गाठ. नवरा पार्किंगमध्ये गाडीत बसून रडला, तोपर्यंत तो घरात सगळ्यांना धीर देत होता.

त्यानंतर सरांनी जे सांगितलं ते मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. ते म्हणाले, तुमची गाठ आणि तुमचं दुखणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. फायब्रोअ‍ॅडेनोमा सहसा दुखत नाही. दुखतं ते पाळीच्या चक्रामुळे, बीज बाहेर पडल्यानंतरच्या दिवसांत हार्मोन्समुळे स्तनाच्या ग्रंथी आणि आजूबाजूचा भाग सुजतो, पाणी धरतो, आणि पाळी आली की उतरतो, म्हणून दोन्ही बाजूंना होतं आणि ठराविक दिवसांनाच होतं. गाठ काढली तरी हे दुखणं राहील. मी विचारलं मग गाठीचं काय करायचं, तर म्हणाले काही नाही करायचं, बघायचं. काही फायब्रोअ‍ॅडेनोमा आपोआप लहान होतात, बऱ्याच आहे तशा राहतात, थोड्या वाढतात, वाढली किंवा तीन सेंटिमीटरच्या आसपास गेली किंवा शंका आली तर काढू. दुखण्यासाठी त्यांनी आधी ब्रा बदलायला सांगितली, डायक्लोफिनॅक ह्या वेदनाशामकाचं जेल लावायला दिलं, आणि म्हणाले फारच असेल तर ऑर्मेलॉक्सिफीन नावाची गोळी आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, मुळात गर्भनिरोधक म्हणून आलेली (सहेली ह्या नावाने माहीत असेल), ती आपल्याकडे ह्या दुखण्यासाठी पण देतात, पण तिने पाळी लांबते. माझी पाळी आयुष्यात पहिल्यांदा नियमित चालली होती, मला ती बिघडवायची नव्हती. मी सरळ विचारलं, आयुर्वेद करून बघू का? ते म्हणाले दुखण्यासाठी करा, पण सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही आणि कुठली औषधं चालू आहेत ते मला नावानिशी सांगायचं.

नावानिशी. हा शब्द माझ्या डोक्यात बसला.

दुसऱ्या वैद्य मॅडम स्त्रीरोगातल्या एमएस. आत गेल्या गेल्या त्यांनी विचारलं रिपोर्ट आणलेत का, आणि म्हणाल्या, बायोप्सी झाली नसती तर आज मी तुम्हाला औषध न देता आधी तिकडेच पाठवलं असतं. मग सगळे कागद नीट वाचले, गाठ स्वतः तपासली, मग पाऊण तास नुसते प्रश्न. दुखणं शेकल्याने बरं वाटतं की गार लावल्याने? जडपणा जास्त की टोचतं की आग होते? भूक कशी, पोट रोज साफ होतं का, दुपारी झोपता का, पाळीत रक्तस्राव किती, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, दिवस राहण्याची शक्यता आहे का, थायरॉइड आहे का? माझं पोट कित्येक वर्षं दोन-तीन दिवसांनी एकदा साफ व्हायचं, हे मी कधी कुठल्या डॉक्टरला सांगितलंच नव्हतं कारण छातीशी त्याचा संबंध असेल असं वाटलंच नव्हतं.

मॅडमनी मला जे समजावलं ते मला फार आवडलं म्हणून जरा थांबून लिहिते. आयुर्वेदात पाळीचं रज आणि आईचं दूध म्हणजे स्तन्य, हे दोन्ही रस धातूचे (अन्नातून शरीरात पहिल्यांदा बनणारा पोषक रस) उपधातू मानलेत, म्हणजे एकाच मुळातून आलेले. म्हणून पाळीच्या चक्रात काही बिघडलं तर ते स्तनात दिसणं त्यांना नवल वाटत नाही. खाली ओढणारा अपान वायू नीट चालत नसेल, पोट साफ नसेल, तर पाळीच्या आधीचा सगळा त्रास वाढतो असं त्यांचं म्हणणं. आणि माझ्यात जडपणा, भरून येणं म्हणजे कफ, आणि शेकल्यावर बरं वाटणारा ठणका म्हणजे वात, असं दोन्ही मिळून होतं.

गाठीबद्दल त्या एकदम स्पष्ट बोलल्या. म्हणाल्या, सुश्रुत संहितेत निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोग आहेत, पण तिथे असं म्हटलंय की कन्यांच्या स्तनातल्या धमन्यांची तोंडं मिटलेली असतात म्हणून त्यांना स्तनरोग होत नाहीत. आणि ही आजची फायब्रोअ‍ॅडेनोमा तर जास्त करून 15 ते 35 ह्याच वयात दिसते, कॉलेजच्या मुलींत पण. म्हणजे ती त्या वर्णनात सरळ बसत नाही, म्हणून आम्ही ती अकराव्या अध्यायातल्या ग्रंथीच्या (इथे ग्रंथी म्हणजे गाठ) अंगाने बघतो, गोल, उंचवट्यासारखी, घट्ट, कफ आणि मेद ह्यांच्याशी जोडलेली. ही आमची जुळणी आहे, ग्रंथात तुमच्या गाठीचं नाव लिहिलेलं नाही. मी त्यांना विचारलं विरघळेल का. त्या म्हणाल्या, मी तसं वचन देणार नाही. थांबली तरी मला समाधान आहे, आणि वाढली तर काढून टाकायची, सुश्रुतांनी पण ग्रंथीवर आधी औषध आणि मग शस्त्र सांगितलंय, ऑपरेशन झालं तर आयुर्वेद हरला असं समजायचं नाही.

औषधापेक्षा ह्या बोलण्यानेच मला निम्मं बरं वाटलं असं मी खरंच म्हणेन.

पहिले दोन महिने त्यांनी मोठं काही औषध दिलं नाही. वही घ्यायला सांगितली. रोज रात्री पाळीचा कितवा दिवस, दुखणं शून्य ते दहा मध्ये किती, पोट साफ झालं का, झोप किती. बस्स. मला राग आला होता तेव्हा, मी उपचाराला आले आणि ह्या हिशोब लिहायला लावतायत. पण त्या म्हणाल्या हे दुखणं एखाद्या महिन्यात आपोआप पण कमी होतं, आणि मी आधीच गोळ्या दिल्या तर तुम्हाला नि मला दोघींनाही कळणार नाही कशाने काय झालं. त्या दोन महिन्यांचे माझे आकडे, दुखण्याचे दिवस 11 आणि 10, सगळ्यात वाईट दिवशी 8.

दरम्यान फक्त सवयी. दुपारची झोप बंद, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, रात्री दही नाही, सकाळी कोमट पाणी, रात्री पोटासाठी त्रिफळा. त्यांनी चहा-कॉफी कमी करायला सांगितली पण हेही सांगितलं की कॉफीने हे दुखणं वाढतं ह्याला फारसा पक्का पुरावा नाही, जमलं तर करा. आणि ब्रा! मी कित्येक वर्षं चुकीच्या मापाची घालत होते, पट्टा सैल आणि कप लहान. माप घेऊन दोन नीट आधार देणाऱ्या आणल्या, चालायला जाताना स्पोर्ट्स ब्रा, दुखण्याच्या दिवसांत रात्री मऊ सैल ब्रा. जिना उतरताना हाताने धरणं तिथेच थांबलं. दुसऱ्या महिन्याच्या मधेच हे केलं म्हणून 11 चे 10 त्यामुळे झाले का कोण जाणे.

तिसऱ्या महिन्यापासून कांचनार गुग्गुळ. ह्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. शार्ङ्गधर संहितेतलं औषध आहे, गंडमाळा, अपची, ग्रंथी, अर्बुद अशा गाठींसाठी सांगितलेलं. कांचनाची साल, त्रिफळा, सुंठ-मिरी-पिंपळी, वरुण, वेलची, दालचिनी, तमालपत्र आणि ह्या सगळ्यांच्या एकत्र वजनाइतका शुद्ध केलेला गुग्गुळ, म्हणजे एका झाडाचा डिंक. माझा डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. कारण सुरू करायच्या आधी मॅडमनी माझं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या करून घेतल्या, दिवस नाहीत ना ह्याची खात्री केली, आणि तीन महिन्यांनी लिव्हरची तपासणी परत केली. गुग्गुळाचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, बीपीच्या काही गोळ्यांचं काम तो कमी करतो, गरोदरपणात चालत नाही, अंगावर पुरळ येऊ शकतं, पाळी जास्त जाऊ शकते. कोणी माझं वाचून दुकानातून आणून घेतलं आणि तिला थायरॉइडची गोळी चालू असली तर? म्हणून नाही लिहीत.

मला स्वतःला पहिल्या आठवड्यात जळजळ झाली, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर थांबली. गोळ्यांच्या दुसऱ्या महिन्यात पाळीला रक्तस्राव नेहमीपेक्षा बराच जास्त झाला. वहीत होतं म्हणून दाखवता आलं. मॅडमनी पाळीचे दिवस आणि त्याच्या आधीचे दोन दिवस गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या आणि पुढच्या वेळी नेहमीसारखं झालं.

मावशीने तेव्हा शतावरी घे म्हणून फार लकडा लावला होता, बायकांच्या सगळ्या तक्रारींवर चालते म्हणून. मॅडम म्हणाल्या शतावरी जड, स्निग्ध, दूध वाढवणारी, आधीच भरून येणाऱ्या आणि कफाच्या गाठी असणाऱ्या बाईला मी ती देणार नाही. मावशीला सांगितलं तर ती आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. आणि एक, मी वाचलं होतं की युरोपात व्हायटेक्स नावाच्या झाडाचं फळ ह्याच दुखण्यावर देतात आणि आपली निगडी म्हणजे निर्गुंडी त्याच कुळातली, तर निर्गुंडीचा काढा घेऊ का? त्या म्हणाल्या कुळ एक, झाड वेगळं, तिकडचे अभ्यास त्या झाडाच्या फळावर झालेत, ते निर्गुंडीला लावता येत नाहीत.

लेपाची मला धास्तीच बसली होती. मॅडमना पहिल्या वैद्यांच्या लेपाची पद्धत सांगितली तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि सुश्रुत संहितेचा सूत्रस्थानातला अठरावा अध्याय उघडून दाखवला. त्यात स्पष्ट लिहिलंय, लेप रात्री लावू नये, आणि वाळला की तसाच ठेवू नये, कारण वाळलेला लेप काम करत नाही आणि उलट त्रास देतो. जाडी किती ते पण दिलंय, म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी. म्हणजे माझ्या त्वचेची जी वाट लागली ती आयुर्वेदाने नाही, आयुर्वेदात जे करू नका म्हणून सांगितलंय तेच केल्याने लागली. हे वाचून मला खूप राग आला, आणि कुठेतरी बरंही वाटलं.

मग त्यांनी दशांग लेप (दहा औषधींचा) दिला, फक्त दुखण्याच्या दिवसांत, दिवसा, आधी हातावर लावून एक दिवस बघायचं, निप्पल आणि आजूबाजूचा काळा भाग सोडून लावायचा आणि ओलसर असतानाच कोमट पाण्याने धुवायचा. छान वाटायचं, जडपणा तासाभरासाठी हलका व्हायचा. पण गाठ चोळायची नाही, दाबायची नाही, जोरात मसाज तर अजिबात नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

चौथ्या महिन्यात पाळी संपल्यावर आठ दिवसांची योग बस्ती, बस्ती म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं तेल किंवा काढा. मला लाज वाटत होती, पण मदतनीस ताई इतक्या शांतपणे करायच्या की दुसऱ्या दिवसापासून काही वाटेना. कंबर आणि ओटीपोटाला कोमट तेल, मग वाफ, मग डाव्या कुशीवर झोपवून बस्ती. तेलाची बस्ती जेवणानंतर, ती बराच वेळ आत राहते, मला तर रात्रीपर्यंत राहायची. काढ्याची बस्ती उपाशीपोटी आणि ती थोड्या वेळातच बाहेर येते, तेव्हा बाथरूम जवळ हवं. तिसऱ्या दिवशी थकवा आला, डोकं जड झालं, मी रडकुंडीला आले होते की सोडून देते. मॅडमनी विश्रांती आणि पातळ मुगाचं कढण दिलं आणि दुसऱ्या दिवशी ठीक झाले. बस्ती झाल्यावर माझं पोट रोज साफ व्हायला लागलं, इतक्या वर्षांनी, आणि ते अजून टिकलंय. माझ्या हिशोबाने ह्या पूर्ण उपचारातला सगळ्यात खरा, हाताला लागणारा फायदा हा.

आता वहीतले आकडे. पाचव्या महिन्यात दुखण्याचे दिवस 7, सगळ्यात वाईट 6. सहाव्यात 5 दिवस, सगळ्यात वाईट 4. सातव्यात घरात आईच्या आजारपणाची धावपळ होती, रात्रीची जागरणं, तर परत 8 दिवस आणि 6. आठव्या-नवव्यात 4-5 दिवस आणि 3 ते 4. जेल मी ह्या काळात कधीमधी लावलं, ते पण लिहून ठेवलंय. ह्यातलं किती गुग्गुळाने, किती बस्तीने, किती ब्राने, किती "कॅन्सर नाही" हे कळल्यामुळे, मला वेगळं काढता येत नाही आणि मॅडमनी पण तसा दावा केला नाही. ह्या दुखण्यात नुसत्या दिलाशानेच कितीतरी बायकांना बरं वाटतं हे सर्जन सरांनी आधीच सांगितलं होतं. पण मला महिन्यातले सहा दिवस परत मिळाले, मी पोटावर झोपू शकते, मुलीला घट्ट धरू शकते, मला एवढं पुरेसं आहे.

आणि गाठ. सहा महिन्यांनी सोनोग्राफी, 17 गुणिले 11. मी आनंदाने उडी मारणार होते, एक मिलिमीटर कमी! सोनोग्राफीच्या डॉक्टर म्हणाल्या एवढा फरक मोजण्यातच पडतो, मशीन धरायचा कोन बदलला तरी येतो, मी हिला "स्थिर" लिहिते. सिस्टपैकी मोठी दिसली नाही, पण सिस्ट अशा येतात-जातात म्हणाल्या. घरी येताना थोडी रडले मी. एवढे महिने गोळ्या घेऊन तेवढीच्या तेवढी. मॅडमना रिपोर्ट दाखवला तर त्या म्हणाल्या, वाढली नाही, आणि तुम्ही दहा दिवसांऐवजी पाच दिवस दुखताय, आता अजून तीन महिने आणि मग गुग्गुळ बंद, कायम घ्यायचं औषध नाही हे. नवव्या महिन्यानंतर खरंच बंद केलं.

परवा एकीने मला विचारलं, गाठ गेली नाही तर मग उपयोग काय झाला. तिला मी वहीची पानं दाखवली. तिचं दुखणं मात्र माझ्यासारखं नव्हतं, फक्त डाव्या बाजूला, एकाच जागी, पाळीशी काही संबंध नाही, आणि निप्पलमधून मधे दोनदा डाग लागलेला. मी तिला ना लेप सांगितला ना वही, त्याच दिवशी तिला सर्जन सरांकडे घेऊन गेले आणि तपासून होईपर्यंत बाहेर बसले. तिचे रिपोर्ट यायचेत.

माझी एक वर्षाची सोनोग्राफी पुढच्या महिन्यात आहे. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवशीची अपॉइंटमेंट घेतलीय, त्या दिवसांत सूज उतरलेली असते आणि तपासायला सोपं जातं. आज माझा 22 वा दिवस आहे, दुखणं 2 लिहिलंय.